शेवटचे तीस यार्ड

गोल्फ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक उंच भिंत येते. आत हिरवंगार मैदान, मोटारी, साहेबलोक, बाहेर आपण. पण त्याच भिंतीच्या आत रोज पहाटे आपल्यासारख्या वस्त्यांमधली माणसं कामाला जातात. कुणी गवत कापतं, कुणी तळ्यात पडलेले बॉल काढतं, कुणी खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर टाकून सात-आठ किलोमीटर चालतं. या बॅग वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. पुण्यातल्या आमच्या घराची चूल गेली सव्वीस वर्षं या कॅडीच्या कामावर आणि एका शिलाई मशीनवर पेटते आहे. हा लेख आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे. या मासिकात मुलांच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे अनुभव नेहमी येतात. आमचाही अनुभव त्यातलाच आहे, फक्त त्याचं मैदान वेगळं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक ठिकाणी एका टोकाहून बॉल मारायचा आणि दूरच्या टोकाला, गुळगुळीत कापलेल्या गवतातल्या एका छोट्या भोकात तो घालायचा. त्या गुळगुळीत जागेला ग्रीन म्हणतात. जितके कमी फटके, म्हणजे स्ट्रोक, तितका खेळ चांगला. चांगल्या खेळाडूने किती स्ट्रोक घ्यावेत याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. पूर्ण मैदानाचा पार बहुधा ७२ असतो. भोक ४.२५ इंच रुंद असतं आणि बॉल १.६८ इंचाचा. म्हणजे भोकाच्या रुंदीत अडीच बॉल मावतात.

आता गंमत अशी, की पारच्या या ७२ स्ट्रोकमध्ये प्रत्येक ग्रीनवरचे दोन, म्हणजे ३६ स्ट्रोक हे केवळ जमिनीवरून बॉल हलकेच ढकलण्याचे धरलेले असतात. त्याला पट म्हणतात. अडीचशे यार्डांचा दणकेबाज फटका हा एक स्ट्रोक आणि दोन फुटांवरून ढकललेला बॉल हाही एक स्ट्रोक. वहीत दोघांची किंमत सारखी. ग्रीनच्या आसपासचे छोटे फटके, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढायचे फटके आणि पट, या सगळ्यांना मिळून शॉर्ट गेम म्हणतात. आम्ही जे सांगणार आहोत ते याच शॉर्ट गेमबद्दल आहे.

आमचा मोठा मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावी झाला आणि वडिलांबरोबर कॅडीच्या कामाला लागला. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा असते. तिथे कुणीतरी टाकून दिलेल्या जुन्या स्टिका घेऊन तो खेळायला शिकला. हात लांब, खांदे मजबूत. बॉल असा मारायचा की बाकीचे कॅडी थांबून बघत. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता दोन गोष्टी एकदम घडल्या. एका क्लबाने त्याला सांगितलं, लहान मुलांना शिकवणाऱ्या कोचच्या हाताखाली एक जागा आहे, पण आधी स्वतः खेळून दाखव. दोन दिवस, दोन राउंड, एकूण १५६ स्ट्रोकच्या आत. परीक्षा रमजान ईदनंतर. आणि त्याच आठवड्यात त्याच्या मामूंचा शारजाहून फोन आला. गोदामात काम आहे, व्हिसाचं बघतो, मुलाला पाठवा.

मामू प्रेमाचे आणि थट्टेखोर. म्हणाले, "बेटा, आता तूच ठरव. गोल्फ की गल्फ?"

घरात हसू झालं, पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. शारजाचा पगार चांगला होता. मुलीचं दहावीचं वर्ष पुढे होतं, दादींच्या औषधांचा खर्च होता. दुसरीकडे, मुलगा घरात राहील, मैदानावर बॅग न वाहता शिकवण्याचं काम करील, आणि आमच्या खानदानात पहिल्यांदाच कुणीतरी त्या भिंतीच्या आत 'सर' म्हणवून घेईल, हाही विचार होता. शेवटी मामूंना सांगितलं की ईदपर्यंत थांबा. त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं.

पहिलं काम वहीचं. मुलगा सांगायचा, "अब्बा, आज छान खेळलो," किंवा "आज नशीब नव्हतं." यातून काही कळत नाही. मुलीने दोनशे पानी वहीत रकाने आखून दिले. ग्रीनवर बॉल ठरलेल्या स्ट्रोकमध्ये पोचला की नाही. नाही पोचला तर पुढचा छोटा फटका भोकापासून किती फुटांवर थांबला. आणि मग किती पट लागले. दहा सोमवार तिने हे भरून घेतलं. सरासरी निघाली ८३. म्हणजे दोन राउंडचे १६६. अट होती १५६ ची. एका राउंडमागे पाच स्ट्रोक कमी करायचे होते.

ते पाच स्ट्रोक कुठे सांडत होते, हेही वहीनेच दाखवलं. अठरापैकी तेरा वेळा तो ग्रीनच्या जरासा बाहेर राहायचा. तेराच्या तेरा वेळा तिथून एक छोटा फटका आणि एक पट, एवढ्यात काम झालं असतं तर पार राहिला असता. पण त्याला ते जमायचं फक्त दोनदा. कारणही समोर होतं. त्याचा छोटा फटका भोकापासून सरासरी पंधरा फुटांवर थांबायचा.

पंधरा फूट म्हणजे काय, हे समजायला एक हिशेब उपयोगी पडतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर जगातले अव्वल खेळाडू खेळतात आणि त्यांचा प्रत्येक पट मोजला जातो. तीन फुटांवरून ते शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक पट घालतात. आठ फुटांवर गेलं की निम्मेच जातात. वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपास. जे अव्वल खेळाडूंना पंधरा फुटांवरून जमत नाही, ते आमच्या पोराला कसं जमावं? म्हणजे खोट पटमध्ये नव्हती, पटच्या आधीच्या फटक्यात होती. छोटा फटका पंधराऐवजी पाच फुटांवर थांबला, की पट आपोआप सुधारणार होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शॉर्ट गेम म्हणजेच सगळं, असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांचा हिशेब मांडून दाखवलं, की व्यावसायिक खेळाडूंमध्ये वरचा आणि मधला यांच्यात जो फरक पडतो त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांमुळे असतो. ताकदीच्या फटक्यालाही मोल आहेच. पण आमच्या मुलाकडे तो आधीच होता. शिवाय लांब फटका सुधारायचा तर रोज शे-दीडशे बॉल मारायला सरावाची रेंज लागते, तिथे बादलीला पैसे पडतात. छोट्या फटक्याला एक स्टिक, दहा बॉल आणि हातरुमालाएवढी जागा पुरते. गरिबाला परवडणारा खेळाचा भाग कुठला असेल तर हाच.

स्पेनचे सेव्हे बालेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकच स्टिक, तीन नंबरचं आयर्न, घेऊन खेळत. तेवढ्यावर त्यांचा हात असा तयार झाला की पुढे ग्रीनजवळच्या जादूसाठी त्यांचं नाव जगभर झालं. नियमाने बॅगेत चौदा स्टिका ठेवता येतात. आमच्या मुलाकडे नऊ होत्या, म्हणजे सेव्हेंपेक्षा आठ जास्त!

महापालिकेच्या शाळेमागे एक मोकळं मैदान आहे. फजरनंतर बाप-लेक तिथे जायचे. सोबत एक जुना पंचा. छोट्या फटक्यात नजर भोकावर ठेवायची नसते, बॉल पहिल्यांदा कुठे टेकणार त्या जागेवर ठेवायची असते. म्हणून पंचाची चौघडी करून पाच पावलांवर अंथरायची आणि बॉल त्यावर टाकायचा. मग तो पुढे किती घरंगळतो ते मोजायचं. सपाट जागी साधारण असा हिशेब बसतो: सँड वेजने बॉल हवेत जितका जातो जवळजवळ तितकाच घरंगळतो, पिचिंग वेजने हवेत एक भाग, जमिनीवर दोन, आठ नंबरच्या आयर्नने एकास तीन, सातने एकास चार. हे आकडे गवताप्रमाणे आणि उताराप्रमाणे बदलतात, पण एकदा हाताला माहीत झाले की हात एकच राहतो आणि स्टिक बदलते. मुलगा आधी उलट करायचा. स्टिक एकच, सँड वेज, आणि दर वेळी हात वेगळा. बॉल उंच उडवायला त्याला आवडायचं, कारण ते दिसायला छान.

जुने कॅडी एक नियम सांगतात: पट मारता येत असेल तर पट मारा, नसेल तर बॉल थोडाच उडवून जास्त घरंगळू द्या, त्याला चिप म्हणतात, आणि तेही शक्य नसेल, मध्ये खड्डा किंवा झुडूप असेल, तरच उंच उडवा. जमिनीवरचा बॉल क्वचित दगा देतो. हवेतला देतो.

चिप मारताना शरीर कसं ठेवायचं तेही सांगतो, कारण घरात कुणी शिकत असेल तर उपयोगी पडेल. पाय जवळजवळ, वजन पुढच्या पायावर, हात बॉलच्या किंचित पुढे, बॉल मागच्या पायाकडे. मनगटं शांत. नवशिक्याला वाटतं की बॉल आपल्याला उचलायचा आहे, म्हणून तो शेवटच्या क्षणी मनगट वाकवून खालून खरवडतो. मग स्टिक एक तर जमिनीत रुतते नाही तर बॉलच्या डोक्यावर बसते आणि बॉल ग्रीनच्या पार पलीकडे. उचलायचं काम स्टिकच्या तिरक्या तोंडाचं आहे, आपलं नाही. दुसरं, स्टिक मागे लांब नेऊन बॉलपाशी येता येता हात आखडायचा नाही. मागे थोडी न्यावी, पुढे बेधडक जाऊ द्यावी. आमच्यापैकी जी शिलाई करते तिने हे बघून म्हटलं, "मशीनचं पायडल असंच असतं. मध्येच पाय आखडला की दोरा तुटतो." मुलाला सगळ्या उपदेशांपेक्षा हे लवकर समजलं.

तीस ते सत्तर यार्डांच्या फटक्यांसाठी घड्याळ वापरलं. डेव्ह पेल्झ नावाचे गृहस्थ नासामध्ये संशोधक होते. ते सोडून त्यांनी आयुष्य शॉर्ट गेमच्या अभ्यासाला वाहिलं. डावा हात घड्याळाचा काटा समजायचा आणि तो मागे साडेसात, नऊ किंवा साडेदहापर्यंतच न्यायचा, ही त्यांची पद्धत. जोर कमी-जास्त करायचा नाही, फक्त काटा बदलायचा. आमच्या मुलाच्या सँड वेजचे आकडे निघाले ३५, ५५ आणि ७० यार्ड. मुलीने ते कागदावर लिहून बॅगेच्या कप्प्यात चिकटवले. त्यानंतर पंचावन्न यार्डांवर उभं राहिलं की "किती जोर लावू?" हा प्रश्नच संपला.

बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, हा वेगळा धडा. वस्तीत एका इमारतीचं काम चालू होतं. रखवालदाराला विचारून संध्याकाळी त्याच्या वाळूच्या ढिगावर सराव केला. वाळूत बोटाने रेघ ओढायची आणि बॉल न ठेवताच त्या रेघेवर स्टिक मारायची. बंकरमध्ये बॉलला मारायचंच नसतं. बॉलच्या दोन इंच मागे वाळूत शिरायचं आणि वाळूच बॉलला बाहेर फेकते. सँड वेजचं तोंड जरा उघडं ठेवलं की तिची खालची जाड, फुगीर कड वाळूवरून सरकते, आत रुतत नाही. ही कड अमेरिकेच्या जीन सारझन यांनी प्रसिद्धीला आणली. विमान वर चढताना शेपूट खाली झुकते हे बघून आपल्याला ही कल्पना सुचली, असं ते सांगत. ती स्टिक घेऊन त्यांनी १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. रेघेवर मारायचा सराव करताना एक मात्र लक्षात ठेवायचं, की प्रत्यक्ष खेळात फटक्याआधी बॉलच्या मागची वाळू स्टिकने टेकवून बघता येत नाही, दंडाचे स्ट्रोक लागतात. रेघ सरावातच.

पट घरात. आमच्या बाहेरच्या खोलीत दादींच्या पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर दहा फूट जागा आहे. फरशीवर बॉल पळतो, म्हणून जुनी सतरंजी घट्ट ताणून अंथरली. भोकाच्या जागी पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा. त्याचं तोंड खऱ्या भोकापेक्षा लहान, म्हणून मैदानावर गेल्यावर भोक परातीएवढं दिसावं ही अपेक्षा! दोन्ही बाजूंनी शिलाईचा पांढरा दोरा ताणून बॉलला गल्ली करून दिली. दोऱ्याला न लागता तीन फुटांवरून सलग वीस पट पेल्यात गेले की त्या दिवसाची सुट्टी. एक चुकला की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात तो अकराच्या पुढे गेला नाही. अठरावर चुकला की पोरगा स्टिक ठेवून बाहेर निघून जायचा. दादी पलंगावरून म्हणायच्या, "जाऊ दे त्याला. सब्र बाजारात मिळत असतं तर मी आणून दिलं असतं." थोड्या वेळाने तो यायचा आणि मुकाट्याने एकपासून सुरू करायचा. महिन्याभराने वीस झाले. मग पन्नास.

लांबच्या पटचा सराव मैदानाच्या ग्रीनवरच करावा लागतो. तिथे गवताचा कलही बघावा लागतो. आपल्याकडच्या ग्रीनवर गवत एका बाजूला लवलेलं असतं. लवलेल्या दिशेने बघितलं तर ते चकाकतं आणि बॉल पळतो. उलट बाजूने काळपट दिसतं आणि बॉल अडखळतो. हे कॅडीला न शिकवता कळतं, कारण त्याने हजारो लोकांचे पट पाहिलेले असतात. आमच्या मुलाकडे हे वडिलांकडून आलेलं धन होतं. काही जुन्या छावण्यांच्या मैदानांवर तर ग्रीनऐवजी वाळूत जळकं तेल मिसळून दाबलेले ब्राउन असत. तिथे शिकलेल्या माणसांचा हात पटवर वेगळाच असतो, हे आमच्यातल्या कॅडीने स्वतः पाहिलं आहे.

मग रमजान आला. परीक्षेला पाच आठवडे राहिले असताना रोजे सुरू झाले. मार्चचं ऊन. रोज्यात लांब फटक्यांचा सराव करून घशाला कोरड पाडून घेण्यात अर्थ नव्हता. पण शॉर्ट गेमला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. असरनंतर इफ्तारपर्यंतच्या वेळात तो पंचा, दहा बॉल आणि वेज घेऊन शाळेमागे जायचा. ऊन उतरलेलं, मैदान शांत. हळूहळू मोहल्ल्यातली पाच-सहा लहान मुलं येऊन बसायला लागली. ती बॉल गोळा करून द्यायची आणि पंचावर बॉल पडला की ओरडायची. पोटात काही नसताना, ओठ कोरडे असताना एकाच जागेवर नजर ठेवून पन्नास वेळा तोच फटका मारायचा, याचा त्याला त्या महिन्यात जो सराव झाला तो एरवी झाला नसता. इफ्तारला बसल्यावर मुलगी विचारायची, "आज पंचावर किती?" आणि खजूर तोंडात टाकता टाकता तो आकडा सांगायचा.

तराविहनंतर कधी कधी बाप-लेक अंगणात बसून जुन्या खेळाडूंच्या गोष्टी करत. त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा यायच्या. एक दिल्लीच्या अली शेर यांची. कॅडीच्या कामातून वर आलेला हा माणूस १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. १९६५ मध्ये पी. जी. सेठी ती जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. ती जिंकणारे अली शेर हे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला. मुलाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण देशभरच्या कॅडींच्या घरांमध्ये हे नाव अजून आदराने घेतलं जातं.

दुसरी अमेरिकेच्या पॉल रन्यन यांची. अंगाने लहानखुरे, फटका आखूड. १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात समोर सॅम स्नीड, त्या काळातला दणकेबाज फटक्यांचा बादशहा. स्नीड यांचा बॉल प्रत्येक वेळी कितीतरी पुढे जायचा. रन्यन मागून यायचे, ग्रीनजवळून बॉल भोकाशी आणायचे आणि पट घालायचे. छत्तीस होलच्या सामन्यात सात होल बाकी असतानाच ते आठने पुढे होते, म्हणजे सामना तिथेच संपला. लोक त्यांना लिटल पॉयझन म्हणत. आमचा मुलगा ताकदीने स्नीडच्या जातीचा. त्याने रन्यनचा हात उसना घ्यावा, एवढंच बापाचं म्हणणं होतं.

ईद झाली. दुसऱ्या आठवड्यात परीक्षा. एप्रिलच्या उन्हात ग्रीन कडक झालेले, बॉल टेकला की सशासारखा उड्या मारत पुढे जायचा. पहिल्या दिवशी ७९. संध्याकाळी घरी आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर त्यानेच सांगितलं, "तीन वेळा तीन-तीन पट लागले." मग सतरंजी अंथरली आणि पेला आडवा ठेवला. त्या रात्री वीस पट एका दमात झाले. तो झोपला. आम्ही दोघं उशिरापर्यंत जागे होतो. दुसऱ्या दिवशी ७७ किंवा त्याहून कमी हवे होते, आणि शारजाचे कागद कपाटात तयार होते.

दुसऱ्या दिवशी त्याला अकरा ग्रीन चुकले. वहीत ते तसंच लिहिलेलं आहे. पण अकरापैकी सात वेळा त्याने छोटा फटका भोकाजवळ आणला आणि एका पटमध्ये काम संपवलं. चार बोगी, म्हणजे चार ठिकाणी एकेक स्ट्रोक जास्त, आणि एका ठिकाणी एक कमी. ७५. दोन दिवसांचे १५४. सतराव्या होलवर बॉल बंकरमध्ये, कडेला अगदी चिकटून होता. तो बाहेर येऊन भोकापासून चार फुटांवर थांबला. बाप हद्दीबाहेर झाडाखाली उभा होता. तो सांगतो, "पोराने चार फुटांच्या पटला जितका वेळ घेतला तितका मी आजवर कुणाला घेताना पाहिलं नाही." पट गेला. अल्हम्दुलिल्लाह.

मामूंना फोन केला तेव्हा पहिल्यांदा ते गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे गल्फ हरलं!" ती जागा त्यांनी आमच्याच नात्यातल्या एका मुलाला दिली आणि तो तिथे चांगला रुळला आहे. आमच्या मुलाचा पगार शारजाच्या पगाराच्या निम्माही नाही. हे आम्ही लपवत नाही. महिनाअखेर ओढाताण होते, शिलाईचे कपडे रात्री उशिरापर्यंत चालतात. बाहेर जाऊन कमावणारी मुलं कमी कष्टाळू असतात असं आमचं बिलकूल म्हणणं नाही. ती घरं सावरतात. आमच्या घराने दुसरा रस्ता निवडला, इतकंच. तो निवडता आला तो राउंडमागच्या पाच-सहा स्ट्रोकमुळे, आणि ते स्ट्रोक मिळाले शेवटच्या तीस यार्डांत.

ज्यांच्या घरात मुलं या खेळाकडे वळली असतील त्यांना आमचं सांगणं असं. आधी महागडी स्टिक घेऊन देऊ नका, वही घेऊन द्या. दहा राउंड नुसते लिहून काढा. बॉल कुठे हरवतो यापेक्षा स्ट्रोक कुठे सांडतात ते बघा. रोज वीस मिनिटं पट आणि वीस मिनिटं चिप, एवढ्याने चार महिन्यांत फरक दिसतो. जिथे बॉल टेकायला हवा ती जागा आधी ठरवा. आणि घरातल्या सगळ्यांना काही ना काही काम द्या. कुणी मोजेल, कुणी दोरा ताणेल, कुणी पलंगावरून दोन शब्द सुनावेल.

मुलगा आता क्लबात सकाळी लहान मुलांना शिकवतो. तो त्यांना आधी लांब फटका मारू देत नाही. पहिल्या दिवशी भोकापासून एक फूट, मग तीन फूट, मग सहा. असं करत करत तो त्यांना मागे मागे आणतो. मुलं कुरकुरतात, त्यांना दणका मारायचा असतो. रविवारी दुपारी शाळेमागच्या मैदानावर मोहल्ल्यातली पोरंही जमतात, त्यांच्यासाठी पंचा अजून तोच आहे. स्टीलच्या पेल्याला मात्र जागोजागी पोचे पडले आहेत. आम्ही नवा आणला, पण दादींना पाणी त्या जुन्या पेल्यातूनच लागतं.